चार बेपत्ता बटाटे

पणजोबांना सारे 'पूलमोजे' म्हणत. नदीवरच्या लाकडी पुलाच्या तोंडाशी बसून ते दिवसभर माणसे, घोडे आणि मेंढ्या मोजत, आणि सकाळी पलीकडे गेलेली मेंढी दिवेलागणीपर्यंत परतली नाही, तर तिच्या धन्यापेक्षा यांच्याच जिवाला अधिक घोर लागे. त्यांचे चिरंजीव 'पोतीमोजे'. बंदरावर उतरणारी पोती त्यांनी इतकी वर्षे मोजली, की पुढे घरी जेवायला बसलेल्या पाहुण्यांच्या पाठीवरही ते नकळत खडूची खूण करीत. आणि त्यांचे चिरंजीव 'खुर्चीमोजे'. नाटकगृहात पडदा वर गेला की रिकाम्या खुर्च्या मोजून तो आकडा मालकाच्या कानात सांगायचा, म्हणजे एका सुखी माणसाला रोज दुःखी करायचे, ही नोकरी त्यांनी एकतीस वर्षे इमानेइतबारे केली. अशा तीन पिढ्यांनी जगातले बहुतेक सारे मोजून संपवल्यावर चौथ्या पिढीत जे जन्मास आले, त्यांच्यासाठी मोजण्याजोगे फारसे उरलेच नव्हते. म्हणून ते हरवलेले मोजू लागले.

त्यांनी स्वतःस 'तपासमहर्षी' ही पदवी बहाल केली होती. ती देण्याच्या योग्यतेचे दुसरे कोणी त्यांना आढळले नव्हते. त्यांच्या तपासवहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरांत पुढील मजकूर होता : "उंची मध्यम, परंतु बुद्धीची भर धरल्यास भरपूर. दृष्टी तीक्ष्ण (चष्म्यासह). श्रवण तीक्ष्ण (पत्नीची हाक वगळून). स्वभाव निगर्वी, या गुणात आमची बरोबरी करील असा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे. चौतीस वर्षे मालगोदामात तपासणी कारकून. या काळात आत आलेला माल आणि बाहेर गेलेला माल यांत एका खिळ्याचाही फरक पडू दिला नाही. आजवर उलगडलेली खासगी प्रकरणे : एक."

त्या एका प्रकरणाने घरात नऊ वर्षे अबोला आणून बसवला होता.

झाले होते असे. महर्षींच्या पत्नीचा धाकटा भाऊ, धंद्याने घड्याळजी, घराचे छप्पर दुरुस्तीला काढल्यामुळे दोन महिने यांच्या मागच्या खोलीत राहिला होता. त्या खोलीतल्या कपाटात, लोकरी कपड्यांच्या घड्यांत, महर्षींनी स्वहस्ते बारा डांबरगोळ्या ठेवल्या होत्या आणि तशी नोंदही केली होती. मेहुणे निघाले त्या दिवशी कपाट उघडले, तर गोळ्या शून्य, आणि मेहुण्यांच्या कपड्यांना मात्र गोळ्यांचा वास. महर्षींनी जिन्यावर उभे राहून निकाल दिला. पत्नीने सांगून पाहिले, "अहो, त्या हवेत उडून जातात." महर्षींनी शांतपणे विचारले, "पंख कुठे आहेत?" घड्याळजी फार बोलणारा माणूस नव्हता. बॅग उचलताना तो एवढेच म्हणाला, "चोर म्हणायचंच होतं भावोजी, तर निदान घड्याळ तरी चोरलं म्हणायचं. माझ्या धंद्याला शोभलं असतं." त्यानंतर तो या घराची पायरी चढला नाही.

नऊ वर्षे बहिणीने निरोप धाडले. या वर्षी तिने निरोपात एकच वाक्य जास्त घातले : "आई करायची तसा मटण-बटाट्याचा पाय करते आहे." आणि तो येतो म्हणाला.

या पदार्थाच्या नावावर घरात आता कोणी हसत नसे. लग्न होऊन आलेल्या सुनेने पहिल्याच रविवारी "पाय झाला का बघ" हे ऐकून आपल्या पायांकडे पाहिले होते, तेवढेच. खोल बशीत मऊ शिजलेल्या मटण-बटाट्याचे दाट सारण, त्यावर मैद्याची लोणी घातलेली पारी, पारीच्या मधोमध वाफेसाठी एक छिद्र, आणि ओव्हनमध्ये पाऊण तास. करायला सोपा, म्हणूनच बिघडवायला त्याहून सोपा.

सकाळी सात वाजता बाईंनी बटाटे सोलायला घेतले आणि नवऱ्याला ताकीद दिली.

"तो फक्त जेवायला येतोय. तीनच्या बसनं परत जाणार आहे. म्हणाला, पुन्हा तसली नजर दिसली की ताटावरून उठेन."

"कसली नजर?"

"आत्ता माझ्याकडे बघताय ना, ती. आज बघायचंच झालं तर ताटाकडे बघा."

महर्षींनी ताटाकडे पाहिले. ताटात सोललेले आठ बटाटे होते. सवयीने त्यांनी ते मोजले, सवयीने वहीत लिहिले आणि दाढी करायला निघून गेले. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महाग पडलेला दाढीचा अर्धा तास. बटाटे कापण्याचे काम त्या अर्ध्या तासात झाले.

साडेनऊ वाजता सारण तयार झाले. गरम सारणावर पारी घातली तर ती आतून ओली राहते, म्हणून पातेले झाकण किलकिले ठेवून ओट्यावर निवायला ठेवले. मळलेला मैदा फ्रिजमध्ये विसावला. बाई भावाला आणायला बसथांब्याकडे निघाल्या. बस वेळेवर येणार नाही याची त्यांना खात्री होती, पण नऊ वर्षांनी येणाऱ्या माणसाला थांब्यावर एकटे उभे राहावे लागू नये, याचीही होती.

"साडेअकराला पारी लाटून घाल आणि ओव्हनमध्ये सरकव," त्यांनी सुनेला सांगितले. "आणि यांच्याकडे लक्ष ठेव."

सूनबाईची अक्कलदाढ येत होती. एक गाल फुगला होता. तिने फक्त मान हलवली.

साडेदहाला महर्षींनी पातेल्याचे झाकण उचलले. हेतू शुद्ध होता. त्यांना वास घ्यायचा होता. पण ज्याच्या तीन पिढ्या मोजण्यात गेल्या, त्याला पातेल्यात नुसते पाहता येत नाही. डावाने ढवळून त्यांनी बटाट्याच्या फोडी मोजल्या. सोळा. एका बटाट्याच्या चार फोडी, म्हणजे चार बटाटे. वही उघडली. आवक : आठ. हजर : चार.

चार बटाटे बेपत्ता होते.

महर्षींनी झाकण जागच्या जागी ठेवले आणि गोदामाचा पहिला नियम पाळला : आवक आणि हजर जुळेपर्यंत दार बंद. स्वयंपाकघराच्या दोन्ही कड्यांतून त्यांनी सुतळी ओवली, तिच्या गाठीवर लाख वितळवून ओतली आणि तीवर पितळी शिक्का दाबला. हा शिक्का निवृत्तीच्या दिवशी ते गोदामात परत करायला विसरले होते. ते प्रकरण वहीत नोंदवलेले नाही.

दुसरा नियम त्यांचा स्वतःचा होता आणि त्याचा त्यांना विशेष अभिमान होता : संशयितास कधीही सांगू नये की काय चोरीला गेले आहे. ते ज्याच्या तोंडून आपोआप निघेल, तो चोर. वास्तविक त्या घरात, त्या जिन्यावर किंवा त्या गल्लीत महर्षींनी 'बटाटा' हा एक शब्द कोणाही जाणत्या माणसापुढे उच्चारला असता, तरी प्रकरण घटकाभरात निकालात निघाले असते. पण नियम तो नियम.

सूनबाई लाटणे घ्यायला आली आणि दाराशी थबकली.

"बाबा, हे काय?"

"हे तूच सांगायचंस. आत जे होतं, ते आता नाही. काय नाही?"

"आत काय नाही ते मला बाहेरून कसं कळणार?"

महर्षींनी तिचा गाल न्याहाळला. गाल फुगलेला होता. बटाट्याएवढा.

"तोंडात काय आहे?"

"दाढ आहे."

"दाढ सगळ्यांच्याच तोंडात असते."

"अक्कलदाढ, बाबा. येतेय."

"लग्नाला चार वर्षं झाली. अक्कल बरोबर आजच कशी येते?"

"या घरात कुणाला तरी यायला हवी होती," सूनबाई म्हणाली आणि गालावर हात धरून घड्याळाकडे बोट दाखवले. "अकरा वाजलेत. साडेअकराला पारी घालायची आहे. मैदा आत, लाटणं आत, ओव्हन आत. मामा येणार आहेत."

"तपासात नातं आड येत नाही."

"तपास नात्याच्या आड येतो त्याचं काय?"

महर्षींनी वहीत लिहिले : 'संशयित क्रमांक एक. उत्तरे तयार असतात. गाल तपासण्यास नकार.' तिने नकार दिला नव्हता. पण तिने विजेरी आणून "बघा" म्हणून तोंड उघडले, तेव्हा नकार देणेच तिच्या हिताचे होते असे त्यांना वाटले. आत दाढ होती. हिरडी लाल होती. बटाटा नव्हता.

संशयित क्रमांक दोन म्हणजे खालच्या मजल्यावरचा शिंपी. याची खिडकी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोबर खाली होती. वास वर जात असला तरी चोर कोठूनही येतो. महर्षी खाली उतरले तेव्हा शिंपी कोणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होता आणि त्याच्या ओठांत टाचण्यांची रांग होती.

"आज सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

"टाचण्या," शिंपी दातांमधून म्हणाला.

"त्याआधी?"

"त्याआधीही टाचण्याच. काका, माझं तोंड म्हणजे दुकानाचा खण आहे."

महर्षींनी त्याच्याच गळ्यातली टेप काढून त्याच्या पोटाभोवती गुंडाळली. एक्केचाळीस इंच.

"मागच्या महिन्यात किती होतं?"

"मागच्या महिन्यात कुणी विचारलं नाही."

"म्हणजे आधीच्या मापाचा पुरावा नष्ट केलात."

शिंप्याने टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या, म्हणजे आता नीट बोलता यावे. "काका, तुमच्या घरून काय गेलंय?"

"ते तुम्ही मला सांगणार आहात."

"गेलंय ते तुमच्या मानेवर असायचं," शिंपी म्हणाला आणि पुन्हा अस्तराकडे वळला. महर्षींनी हे उत्तर जसेच्या तसे उतरवून घेतले. आपण मानेवर काय ठेवतो, यावर त्यांनी जिना चढेपर्यंत विचार केला आणि शेवटी पुढे 'मफलर?' असे लिहिले.

तिसरा सिद्धान्त मात्र त्यांना स्वतःलाच थक्क करून गेला. चोरी कोणाच्या फायद्याची, हा प्रश्न. पायात बटाटा वाढला की मटण कमी लागते. बटाटा नाहीसा झाला की मटण जास्त लागते. मटण कोण विकतो? महर्षींनी दिवाणखान्यातून खाटकाला फोन लावला.

"मटणाखेरीज एखादा पदार्थ जगातून नाहीसा व्हावा, असं तुम्हाला कधी वाटलं आहे का? विचार करून उत्तर द्या."

खाटकाने खरोखरच विचार केला. मागून सुऱ्याचे ठोके थांबलेले ऐकू आले. "भोपळा," तो म्हणाला. "बायको आठवड्यातून तीनदा करते. काय करता येईल का त्याचं?"

महर्षींनी फोन ठेवला. अपराधी माणूस इतक्या काकुळतीने मदत मागत नाही.

साडेअकरा वाजले. सूनबाई स्टुलावर बसून सीलकडे बघत होती. पावणेबारा झाले. "बाबा, मी हात जोडते," ती म्हणाली, "सासूबाई नऊ वर्षं या जेवणाची वाट बघतायत. ते गेलं ते गेलं. मी दुसरं आणते. फक्त काय आणू ते सांगा."

महर्षी क्षणभर विरघळले होते. नेमके त्याच क्षणी त्यांना चौथा सिद्धान्त सुचला, आणि तो सुचताच त्यांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. नऊ वर्षांपूर्वी मेहुणे घरातून जात होते, तेव्हा माल गेला. आज मेहुणे घरात येत आहेत, आणि माल गेला. अडचण एकच होती : आज मेहुणे सकाळपासून बसमध्ये होते. महर्षींनी लिहिले : 'बस. अत्यंत चलाख सबब.'

सव्वाबाराला जिन्यावर पावले वाजली. पुढे बाई, मागे त्यांचा भाऊ. केस पिकले होते, हातात छोटी बॅग होती. बसथांब्यापासून घरापर्यंत दोघे बहुधा बोलत आले असावेत, कारण बाईंचा चेहरा कित्येक वर्षांत दिसला नव्हता असा दिसत होता. मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दारावर गेली.

भावानेही पाहिले. सुतळी, लाख, शिक्का. त्याने बॅग खाली ठेवली नाही.

"या खेपेला प्रगती आहे," तो म्हणाला. "मी घरात शिरायच्या आधीच सील." आणि बहिणीकडे वळून हळूच, "ताई, एकची बस असते ना गं? ती मिळेल मला."

"थांब," बाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला की खालच्या मजल्यावरून कात्री गळ्यात अडकवून वर आलेला शिंपीही दारात एक पाऊल मागे सरकला. "काय गेलंय?"

"तपास चालू असताना मालाचं नाव घेता येत नाही."

"नाव."

"अगं, नियम असा की—"

"मी नाव विचारलं."

चौतीस वर्षे ज्यांनी गोदामाचे दार कोणाच्याही दटावण्याने उघडले नव्हते, त्या महर्षींनी भिंतीकडे पाहत उत्तर दिले. "बटाटे. आठ आत गेले. चार हजर आहेत. मी स्वतः मोजलेत."

बाईंनी सुनेकडे पाहिले, सुनेने शिंप्याकडे, शिंप्याने छताकडे. शेवटी सूनबाईनेच गालावरचा हात काढला.

"विरघळले, बाबा."

"कोण?"

"बटाटे. एवढ्यासाठी दीड तास मला बाहेर बसवलंत?"

बाईंनी शिंप्याच्या गळ्यातली कात्री घेतली, सुतळी एका घावात कापली आणि पातेल्यापाशी जाऊन नवऱ्याला बोटाने जवळ बोलावले. "निम्मे बटाटे पातळ चकत्या करून पहिल्यापासून मटणात घालायचे. दोन तासांत त्यांची चकती न् चकती रश्शात मिसळते. म्हणून रस्सा दाट होतो. उरलेले निम्मे मोठ्या फोडी करून शेवटी. माझ्या आईनं असाच केला, तिच्या आईनं असाच केला. तुम्ही तीस वर्षं असाच खाताय." त्यांनी डाव पातेल्यात उभा धरला आणि हात सोडला. डाव उभाच राहिला. "हे बघा तुमचे चार."

महर्षींनी चमचा घेतला. रस्सा चाखला. पुन्हा चाखला. बटाट्याची चव होती, भरपूर होती, सगळीकडे होती. फक्त ती कोठेही मोजता येत नव्हती. माल आतच होता. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांच्यापुढे असा माल आला होता, जो कोणी न नेता दिसेनासा होतो.

सूनबाई मैदा लाटू लागली. बाई बशीत सारण ओतू लागल्या. आणि महर्षी, हातात चमचा तसाच धरून, हळूहळू स्टुलावर बसले. आयुष्यात प्रथमच ते एक अचूक अनुमान काढत होते, आणि ते त्यांना अजिबात आवडत नव्हते.

"अगं," ते म्हणाले, "कपाटातल्या त्या..."

"उडून गेल्या होत्या."

"पंख नसताना?"

"पंख नसताना. नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

"आणि त्याच्या कपड्यांना वास..."

"दोन महिने त्याच कपाटात ठेवले होते त्यानं. तुमच्याही कोटाला येतो. हुंगून बघा कधी."

महर्षींनी कोटाची बाही नाकाशी नेली. मग ती खाली केली आणि उठून दिवाणखान्यात आले. मेहुणे अजून दाराजवळच उभे होते. बॅग हातातच होती. महर्षींनी घसा खाकरला, तीनदा. गोदामात हे वाक्य त्यांना कधी लागले नव्हते, आणि घरात लागले तेव्हा त्यांनी ते वापरले नव्हते.

"माझं," ते म्हणाले. "माझं चुकलं."

घड्याळजीने त्यांच्याकडे पाहिले. त्याचे काम म्हणजे भिंगातून बारीक चाके बघणे. त्याला खरे फिरणारे आणि अडकलेले लगेच कळे.

"एक झाली," तो म्हणाला.

"एक म्हणजे?"

"बारा वेळा म्हणाला होतात, भावोजी. एका गोळीमागे एकदा. 'पहिली गोळी, चोर. दुसरी गोळी, चोर.' जिन्यावर उभं राहून. सगळी दारं उघडी होती. तुम्हाला वाटतं मोजता फक्त तुम्हालाच येतं?"

बाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांना वाटले, आता सगळे पुन्हा मोडणार. भावाने तोंड वळवले, तर बशी ओव्हनमध्ये गेली काय आणि न गेली काय. पण महर्षींनी मान खाली घातली होती, आणि ओठांनी ते काहीतरी पुटपुटत होते. ते मोजत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बाराच होत्या. आणि म्हटलं होतं जिन्यावर. मग ही इथं, घरात म्हटलेली धरता येत नाही. पहिल्यापासून जिन्यावर."

पाय ओव्हनमध्ये गेला तेव्हा साडेबारा झाले होते. महर्षी जिन्यावर, नऊ वर्षांपूर्वी उभे होते त्याच पायरीवर उभे राहिले. मेहुणे दोन पायऱ्या खाली, बॅग हातात. शिंप्याने आपले स्टूल बाहेर आणले. वरच्या मजल्यावरची दारे एकेक करून उघडली, कारण तपासमहर्षी जिन्यावर उभे आहेत म्हणजे कोणाचे तरी काहीतरी गेले असणार.

पहिल्या 'चुकलं'ला पाच मिनिटे लागली. दुसऱ्याला चार. "माझं चुकलं" हे दोनच शब्द, पण प्रत्येक वेळी ते महर्षींच्या घशात आडवे होत आणि मग पाणी आणावे लागे. प्रत्येक वेळी खालून मेहुणे तेवढ्याच शांतपणे "पोहोचली" म्हणत. पाचव्यानंतर गती आली. सातव्याला वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "काय गेलंय यांचं?" शिंपी म्हणाला, "येतंय, आजी. परत येतंय." आठव्याला लोण्यात भाजणाऱ्या मैद्याचा वास जिन्याभर पसरला. नवव्याला मेहुण्यांचा आवाज थोडा जड झाला.

"पुरे, भावोजी," ते दहाव्याला म्हणाले. "राहिलेल्या सोडल्या."

"गोदामात सूट नसते," महर्षी म्हणाले आणि अकरावी मोजून दिली.

दारात बाई आल्या. दोन्ही हातांत फडक्याने धरलेली बशी, पारी तांबूस, मधल्या छिद्रातून वाफ. "पाय झाला," त्या म्हणाल्या. "ताटं वाढलीत."

"एक राहिलीय," दोघे पुरुष एकदमच म्हणाले.

महर्षी दोन पायऱ्या उतरून मेहुण्यांच्या पायरीवर आले. या वेळी त्यांना पाणी लागले नाही.

"माझं चुकलं रे."

"पोहोचली," घड्याळजी म्हणाला, आणि बॅग खाली ठेवली.